पृथ्वीप्रदक्षिणा आणि पाळणा

गणपति आणि कार्तिकेय यांच्या पैजेची कथा आपल्याकडे लहान पोरासहि ठाऊक असते. कार्तिकेय मोरावर बसून पृथ्वीभोंवतीं फिरावयास निघाला आणि गणपतीनें आईबापांभोंवतीं एक फेरी घालून पैज जिंकली. या कथेंत आईबाप जागच्या जागीं बसलेले आहेत. फिरतात तीं मुलें. आईबापांनींच पृथ्वी पाहावयास निघावें आणि पोरांनाहि बरोबर घ्यावें, म्हणजे काय होतें, हा प्रश्न त्या कथेला पडलेला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानें तो उभा केला. सन १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला, त्याच वर्षीं अमेरिकेचे दोन किनारे आगगाडीनें जोडले गेले, आणि पृथ्वीप्रदक्षिणा ही साहसी पुरुषांची मिरास न राहतां पैसा व वेळ असलेल्या गृहस्थाच्या आटोक्यांत आली. पुढील वीस वर्षांत जगप्रवासाचीं पुस्तकें पुष्कळ निघालीं. परंतु ज्या प्रवासांत पाळणाहि बरोबर होता अशांची नोंद थोडी, आणि जी आहे तीहि नीट वाचावी लागते. कारण लिहिणारा हात नेहमीं मोठ्या माणसाचा असतो.

अशा कुटुंबांत सर्वांत अधिक कीर्ति मिळाली ती ब्रॅसी कुटुंबास. सन १८७६ च्या जुलै महिन्याच्या आरंभीं टॉमस ब्रॅसी व त्याची पत्नी ॲनी हीं आपल्या ‘सनबीम’ नांवाच्या नौकेंतून इंग्लंडाहून निघालीं आणि अकरा महिन्यांनीं, १८७७ च्या मे महिन्याच्या अखेरीस, पृथ्वीला वळसा घालून परत आलीं. बरोबर चार मुलें होतीं. थोरला मुलगा तेरा वर्षांचा, त्याच्या पाठची मेबेल अकराची, म्यूरिएल चार वर्षांची, आणि धाकटी मेरी नुकतें कोठें एक वर्ष ओलांडलेली. मदिरा, रिओ, ब्वेनोस ऐरेस, मॅगेलनची सामुद्रधुनी, चिली, ताहिती, हवाई, जपान, हाँगकाँग, सिंगापूर, सिलोन, एडन, सुवेझ असा हा मार्ग होता. एकंदर अंतर सुमारें ३५ हजार मैल.

हा गृहस्थ कोण, हें थोडें सांगितलें पाहिजे. टॉमस ब्रॅसी हा पार्लमेंटांत हेस्टिंग्ज गांवचा प्रतिनिधि होता. त्याच्या बापाचें नांवहि टॉमसच. हा बाप आगगाडीचे रस्ते बांधणारा जगविख्यात मक्तेदार. युरोपांत, कॅनडांत आणि आपल्या बंगालांतसुद्धां त्याच्या मक्त्याचे रूळ पडले होते. सन १८७० मध्यें तो वारला, तेव्हां मागें अफाट संपत्ति राहिली. बापानें जमिनीवर मिळविलेला पैसा मुलानें पाण्यांत घातला, असें म्हणण्याचा मोह एखाद्यास होईल. परंतु मुलगा नुसता हौशी नव्हता. कप्तानाची सरकारी परीक्षा देऊन त्यानें प्रमाणपत्र मिळविलें होतें आणि आपली नौका तो स्वतः चालवी. नौका सन १८७४ मध्यें पाण्यांत उतरली. लांबी सुमारें १७० फूट, तीन डोलकाठ्या, आणि वारा पडला असतां कामीं यावें म्हणून वाफेचें यंत्र. तिच्या नांवाची गोष्ट मात्र श्रीमंतीची नाहीं. या दांपत्याची कॉन्स्टन्स नांवाची एक मुलगी लहानपणींच तापानें वारली होती. तिला घरांत लाडानें ‘सनबीम’, म्हणजे सूर्यकिरण, म्हणत. तेंच नांव नौकेस दिलें. तेव्हां चार मुलें घेऊन निघालेल्या या कुटुंबाबरोबर पांचवें मूलहि एका परीनें होतें, हें लक्षांत ठेविलें म्हणजे बाईंच्या पुस्तकाचा अर्थ निराळा लागूं लागतो.

पुस्तक १८७८ मध्यें निघालें. बाईंनीं प्रवासांतून आपल्या वडिलांस जीं पत्रें धाडलीं त्यांवरून तें तयार झालें. त्याच्या नांवांतच ‘अकरा महिन्यांचें आमचें समुद्रावरील घर’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि पुस्तकाच्या लोकप्रियतेचें रहस्य त्या ‘घर’ शब्दांत आहे. भराभर आवृत्त्या निघाल्या, परभाषांत भाषांतरें झालीं, शाळेंतल्या मुलांसाठींहि एक आवृत्ति निघाली. इंग्रज वाचकास ताहितीचे नारळ आणि जपानचीं देवळें याआधींहि वाचावयास मिळालीं होतीं. परंतु तीं पाहून आल्यावर बाई पुन्हां नौकेवर येतात, कोणा मुलास बरें नाहीं तें पाहतात, कुत्र्यांची आणि पक्ष्यांची वास्तपुस्त करितात, हें नवें होतें. बाईंना स्वतःला समुद्र लागत असे आणि त्या तें लपवीत नाहींत.

प्रवास नुकता सुरू झाला होता तेव्हांची एक हकीकत त्यांनीं दिली आहे ती कोणत्याहि आईच्या अंगावर कांटा आणील. संध्याकाळीं सर्व मंडळी नौकेच्या मागच्या भागीं बसलीं होतीं. मुलगा बापाशेजारीं, मेबेल एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर, लेकी नांवाच्या कप्तान पाहुण्याची गोष्ट ऐकत. सुकाणूवर नवखा खलाशी होता. मागून मोठी लाट आली, त्याचा हात चुकला, नौका किंचित् आडवी झाली आणि पाणी मुलाच्या डोक्यावरून आंत आलें. मुलगा वाहून जावयाचाच. परंतु त्यानें कठडा धरला आणि गुडघे फळ्यांत रोंवले. त्याला वांचवावयास धांवलेला तांडेल स्वतःच आडवा झाला. तिकडे मेबेल बसली होती तें वेटोळें पाण्यावर तरंगूं लागलें. कप्तानानें एका दोरीचे दोन वेढे सहज मनगटाला घेतले होते, तेवढ्यावर दोघांचे प्राण राहिले. दुसऱ्या हातानें त्यानें मुलीस घट्ट धरलें. ती ओरडली नाहीं, रडली नाहीं. कप्तानाला धरून राहा एवढेंच तिनें हळूच सांगितलें. मागाहून आईनें विचारलें, तेव्हां मुलीच्या उत्तराचा आशय असा होता कीं, विचार असा कांहीं मनांत आलाच नाहीं, आपण गेलों एवढें मात्र निश्चित वाटलें.

अकरा वर्षांच्या मुलीचें हें उत्तर त्या सबंध पुस्तकांतील अत्यंत खरें वाक्य आहे, असें आम्हांस वाटतें. आईनें तें खोडलें नाहीं, गोड केलें नाहीं, त्यावर उपदेशाचें शेपूट लाविलें नाहीं. एक मुलगी गमावलेल्या बाईनें तें लिहिलें आहे. आणि तरीहि नौका मागें फिरली नाहीं.

पुढें त्याच वर्षीं सप्टेंबरच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्यांस ‘मंक्सहेवन’ नांवाचें एक जहाज संकटाच्या खुणा करीत असलेलें दिसलें. स्वान्सीहून व्हाल्परायझोला चाललेल्या त्या जहाजांतील कोळशाला आंतल्या आंत आग लागली होती. त्यावरील पंधराहि माणसें ‘सनबीम’वर घेतलीं आणि पुढें एका टपालबोटीच्या स्वाधीन केलीं. आधींच नौकेवर मुलें, पाहुणे, डॉक्टर, खलाशी, स्वयंपाकी धरून ४३ माणसें. त्यांत ही भर. मुलांनीं त्या रात्रीं जळतें जहाज पाहिलें असेल तर त्यांच्या मनांत काय आलें असेल? बाईंनीं तें जहाज डोळ्यांपुढें उभें केलें आहे. मुलांच्या मनाचा ठाव मात्र लागत नाहीं.

आणखी एका व्यक्तीचा ठाव त्यांत लागत नाहीं, ती म्हणजे मुलांची दाई. नौकेवर तीन नोकर स्त्रिया होत्या. लाट आली, आग दिसली, बंदर लागलें, तरी एक वर्षाच्या मुलीला दूध वेळेवरच लागतें. तें कोणी तरी दिलें. बाईंना डोंगर चढतां आले, राजांच्या भेटी घेतां आल्या, पहांटे उठून पत्रें लिहितां आलीं, तीं त्या कोणाच्या तरी जिवावर. मुंबई बंदराशीं ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे त्यांना ही उणीव अधिक बोंचेल. गोऱ्या साहेबांचीं मुलें विलायतेस पोंचविण्यासाठीं येथून कितीएक आया बोटींत चढत. सगळ्या वाटेभर मूल त्यांच्या मांडीवर असे, आणि लंडनला पोंचल्यावर परतीच्या भाड्याची सोय न करितां त्यांतल्या कित्येकींना वाऱ्यावर सोडून देत. अशांसाठीं लंडनांत आयांचें एक वसतिगृहच चालवावें लागलें. तें प्रथम ऑल्डगेटला होतें, सन १९०० मध्यें हॅकनीला गेलें. हॅकनीच्या त्या घरावर स्मारकाची निळी पाटी लागली ती सन २०२२ मध्यें. मुलांसह केलेल्या प्रवासाचा इतिहास लिहावयाचा तर या बायकांचीं पुस्तकें हवीं होतीं. तीं कोणीं लिहून घेतलीं नाहींत.

‘सनबीम’ मुंबईस आली ती दहा वर्षांनीं, सन १८८७ च्या आरंभीं. टॉमस आतां लॉर्ड झाला होता आणि मुली मोठ्या झाल्या होत्या. येथून सिलोन, ब्रह्मदेश, बोर्निओ असें करीत नौका ऑस्ट्रेलियास गेली. परतीच्या वाटेवर बाईंना हिंवतापानें गांठलें, आणि १४ सप्टेंबर १८८७ रोजीं भर समुद्रांत त्या वारल्या. वय ४७ वर्षांचें. त्याच दिवशीं सूर्यास्ताच्या वेळीं त्यांचा देह समुद्रांत सोडण्यांत आला. मुली नौकेवर होत्या. ज्या नौकेवर त्यांनीं बालपणीं अकरा महिने घर मांडलें होतें, त्याच नौकेवरून, बहिणीचें नांव धारण केलेल्या नौकेवरून, त्यांनीं आईला निरोप दिला. बाईंच्या रोजनिशीवरून शेवटच्या प्रवासाचें पुस्तक १८८९ मध्यें निघालें. तें पहिल्याइतकें कोणी वाचीत नाहीं.

ब्रॅसींचें घर समुद्रावर गेलें तें हौसेनें. ज्यांचें घर समुद्रावरच असे अशीहि माणसें त्या काळीं होतीं. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, तसें यांचें बिऱ्हाड डोलकाठीखालीं. जॉशुआ स्लोकम हा त्यांपैकीं एक. एकट्यानें शिडाच्या होडींतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला पुरुष (१८९५ ते १८९८) म्हणून त्याचें नांव अजरामर झालें आहे, आणि त्या एकटेपणाच्या तेजांत त्याचें आधींचें भरलें घर दिसेनासें झालें आहे. त्याची पहिली पत्नी व्हर्जिनिया ही लग्नाच्या दिवसापासून त्याच्याबरोबर जहाजावर राहिली. तिला सात मुलें झालीं, त्यांतलीं चार जगलीं. गारफील्ड हा मुलगा तर हाँगकाँग बंदरांत जहाजावरच जन्मला. ती स्वतः सन १८८४ मध्यें ब्वेनोस ऐरेसला वारली.

दुसरी पत्नी हेटी ही शिवणकाम करणारी होती. तिचा संसार सुरू झाला न झाला तों १८८७ च्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्यावर जहाज वाळूंत रुतून गेलें. नवरा, बायको, व्हिक्टर व लहानगा गारफील्ड अशीं चौघें परक्या मुलखांत उघड्यावर पडलीं. स्लोकमनें हातपाय गाळले नाहींत. हातीं लागलेल्या लांकडांची ३५ फुटी होडी त्यानें बांधली. हेटीनें शिडें शिवलीं. होडी पाण्यांत उतरली तो दिवस १३ मे १८८८. त्याच दिवशीं ब्राझीलमध्यें गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, म्हणून तिचें नांव ‘लिबरदाद’, स्वातंत्र्य. पांच हजारांहून अधिक मैल तोडून हें कुटुंब अमेरिकेच्या किनाऱ्यास लागलें आणि वर्षाच्या अखेरीस वॉशिंग्टनला पोंचलें. स्लोकमनें या प्रवासावर पुस्तक लिहिलें आणि तें मोठें गमतीदार आहे. हेटीनें पुस्तक लिहिलें नाहीं. तिचें मत तिच्या कृतींत सांपडतें: त्यानंतर ती नवऱ्याबरोबर समुद्रावर गेली नाहीं. मुलांपैकीं व्हिक्टर पुढें स्वतः दर्यावर्दी झाला आणि त्यानें बापाचें चरित्र लिहिलें. तें प्रसिद्ध झालें सन १९५० मध्यें. म्हणजे त्या होडींतल्या मुलाची बाजू जगापुढें येण्यास बासष्ट वर्षें लागलीं, आणि तेव्हांहि तो बोलला तो मुख्यतः बापाविषयीं.

‘लिबरदाद’ अमेरिकेच्या किनाऱ्यानें उत्तरेकडे चालली होती त्याच सुमारास, १८८८ च्या नोव्हेंबरांत, सॅनफ्रान्सिस्कोहून पश्चिमेकडे एक महाराष्ट्रीय विधवा निघाली. जपान, हाँगकाँग करीत १ फेब्रुवारी १८८९ रोजीं ती मुंबईस पोंचली, आणि मुंबई सोडून पूर्वेकडून मुंबईस परत येणें म्हणजेच पृथ्वीप्रदक्षिणा असल्यामुळें पंडिता रमाबाई सरस्वती यांचें नांव या मालिकेंत आपोआप येतें. त्या निघाल्या तेव्हां कडेवर मूल होतें. परतल्या तेव्हां नव्हतें.

रमाबाईंना प्रवास नवा नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं गंगामूळच्या अरण्यांतील घर सोडलें, तेव्हां रमाबाई सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या टोपलींत घालून त्यांना नेलें. तेव्हांपासून तीर्थयात्रा, पुराणकथन, आणि पुढचें गांव. मुलांसह भारतखंड पालथें घालणारें याहून दुसरें कुटुंब त्या काळीं दाखविणें कठीण. शास्त्रीबोवांची ही यात्रा विद्येची आणि पुण्याची खरी, परंतु तिचा शेवट उपासमारींत झाला. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप गेले, मागोमाग बहीण गेली, आणि रमाबाई व श्रीनिवास हीं भावंडें पायीं फिरत कलकत्त्यापर्यंत आलीं. चालत्या कुटुंबांतलें मूल होणें म्हणजे काय, हें ब्रॅसीबाईंना जें ठाऊक नव्हतें तें रमाबाईंना हाडांत ठाऊक होतें. असें असूनहि, किंवा म्हणूनच, त्यांनीं आपलें मूल घरीं ठेविलें नाहीं.

ठेवावयास घर तरी कोठें होतें? भाऊ गेला, सन १८८२ मध्यें पतीहि गेले. ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहून, विकून, त्या पैशांवर विलायतेचें भाडें उभें केलें. २० एप्रिल १८८३ रोजीं मुंबईहून बोट निघाली तेव्हां मनोरमेला दोन वर्षें पुरीं होऊन चार दिवस झाले होते. सोबतीस आनंदीबाई भगत होत्या. त्यांचा इंग्लंडांत त्याच वर्षीं आत्मघातानें अंत झाला. सप्टेंबरच्या २९ तारखेस रमाबाईंनीं व मनोरमेनें वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. पुण्यांत जो गहजब झाला त्याचें चर्वितचर्वण येथें नको. एवढेंच म्हणावयाचें कीं, पोरीला समुद्रापार नेल्याबद्दल दोष लागला तो आईला. ब्रॅसीनें चार मुलांना लाटांच्या तोंडीं दिलें आणि तो लॉर्ड झाला. स्लोकमनें दोन मुलगे होडींत घातले आणि तो वीर ठरला.

पुढील दोन वर्षांत वाँटेजच्या मठांतील जोगिणींच्या मायेंत मनोरमा वाढली. सिस्टर जेराल्डिन ही तिची ‘आजीबाई’. हा आपला घरगुती शब्द त्या इंग्रज बाईला रमाबाईंनीं पत्रांतूनहि लाविला आहे. परंतु याच ‘आजीबाईं’शीं रमाबाईंचे खटके उडाले, आणि त्यांतले कित्येक या पोरीवरूनच. तिला धर्म कोणता व किती शिकवावयाचा, हें ठरविण्याचा अधिकार आईचा कीं मठाचा? आश्रयदात्यांच्या छपराखालीं राहून, त्यांचें अन्न खाऊन, त्यांनाच हें विचारावयाचें म्हणजे काय धारिष्ट लागलें असेल! हीं पत्रें महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें १९७७ मध्यें प्रसिद्ध केलीं. परमुलखीं मूल वाढविणाऱ्या आईची खरी अडचण कशांत असते, हें समजण्यास दहा प्रवासवर्णनांपेक्षां तीं अधिक उपयोगी आहेत. बोट, थंडी, खाणेंपिणें, यांची तजवीज लागते. मुलाच्या मनावर हक्क कोणाचा, याची लागत नाहीं.

सन १८८६ च्या मार्चांत आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हां मनोरमा बरोबर होती. थोड्या दिवसांसाठीं म्हणून गेलेल्या रमाबाई तेथें जवळजवळ तीन वर्षें राहिल्या. गांवोगांव व्याख्यानें, १८८७ मध्यें इंग्रजी पुस्तक, बॉस्टनला मदतीसाठीं मंडळाची स्थापना. या धांवपळींत मुलीला जवळ ठेवणें अशक्य झालें आणि तिला पुन्हां वाँटेजला धाडावें लागलें. फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा, म्हणजे लहान मुलांना हंसतखेळत शिकविण्याचा, अभ्यास रमाबाईंनीं अमेरिकेंत केला तो याच काळांत. स्वतःचें पांच वर्षांचें मूल अटलांटिकच्या पलीकडे, आणि आई परक्या मुलांकडे पाहून मुलांना कसें शिकवावें तें शिकत आहे! आपल्याकडील चरित्रकार हें वाक्य झटकन लिहून पुढें जातात. आमच्यानें तसें जाववत नाहीं. अमेरिकेवरील त्यांचा मराठी ग्रंथ १८८९ मध्यें निघाला. तेथील राज्यव्यवस्था, शाळा, स्त्रियांच्या संस्था यांचें इतकें डोळस वर्णन त्यापूर्वीं मराठींत झालें नव्हतें. परंतु तो ग्रंथ लोकस्थितीचा आहे; आई म्हणून त्या त्यांत बोलत नाहींत. ब्रॅसीबाईंचें पुस्तक घरासाठीं लिहिलेलें आणि जगानें वाचलेलें. रमाबाईंचें जगाविषयीं लिहिलेलें, आणि घर त्यांतून गाळलेलें. ज्यांचें घर नौकेबरोबर चालतें त्यांनाच घराविषयीं लिहिणें परवडतें कीं काय?

मुंबईस परतल्यावर सहा आठवड्यांच्या आंत, ११ मार्च १८८९ रोजीं, रमाबाईंनीं शारदा सदन उघडलें. मनोरमेचें समुद्र ओलांडणें तेवढ्यावर थांबलें नाहीं. सन १८९८ मध्यें आई मंडळाच्या कामासाठीं पुन्हां अमेरिकेस गेली, तेव्हां मुलगी न्यूयॉर्क प्रांतांतल्या एका विद्यालयांत शिकत होती; तेथून येऊन तिनें शारदा सदनाचें काम हातीं घेतलें आणि मरेपर्यंत चालविलें. २४ जुलै १९२१ रोजीं ती वारली. ५ एप्रिल १९२२ रोजीं, केडगांवीं, रमाबाई गेल्या.